गाडीची दृष्ट

माझं काम ब्रेकचं. जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या कारखान्यात नव्या गाड्यांचे ब्रेक तपासणाऱ्या गटात मी बारा वर्षं आहे. सासरी यावरून माझी यथेच्छ थट्टा होते. नंदिनीला दुसऱ्याला अडवायचाच पगार मिळतो, असं माझा नवरा प्रताप चारचौघांत सांगतो आणि सगळे हसतात. मीही हसते. पण मनातून मला त्या कामाचा गर्व होता, आणि २००६ च्या नोव्हेंबरातल्या त्या शुक्रवारी सगळ्यात आधी तोच गर्व आडवा आला.

आदल्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली होती. त्यामुळे माझी घरी परतायची वेळ एकदम काळोख पडायच्या वेळेवर येऊन बसली, आणि ही बातमी हरणांना कोणी कळवलेली नव्हती. आमचं गाव टाउनुसच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, शेवटचे सहा किलोमीटर जंगलातून. तिसऱ्या वळणावर उजवीकडून काहीतरी तपकिरी आलं. मी पाय पूर्ण दाबला. गाडी एका रेषेत थांबत आली, कुठे घसरली नाही, वाकडी झाली नाही. हरीण जवळजवळ पलीकडे पोचलं होतं. शेवटच्या हातभर अंतरात डाव्या दिव्यापाशी धप्प आवाज झाला.

ते पडलं, धडपडत उठलं आणि झेप घेऊन डावीकडच्या झाडीत गेलं. मी उतरले. दिव्याच्या काचा रस्त्यावर पसरल्या होत्या. झाडीत काही हलत नव्हतं. "वाचलं बाई!" मी मोठ्यांदा म्हणाले आणि माझा जीव भांड्यात पडला. वर असंही मनात आलं की ब्रेक काय सुंदर लागले. खोटं कशाला बोलू, आलं.

घरी सासूबाई होत्या. सासरे गेल्यापासून त्या दरवर्षी सांगलीहून तीन महिने आमच्याकडे येतात. येताना लोणच्याच्या बरण्या मराठी वर्तमानपत्रांत गुंडाळून आणतात आणि ते कागद घडी घालून जपून ठेवतात. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांची तुळस. जर्मन येत नाही, पण गावात कोणालाही विचारा, कचरा वेगळा करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. दह्याच्या डब्याचं झाकण कुठल्या पिशवीत जातं हे शेजारची बाई त्यांना खुणेने विचारून जाते.

मी चहा घेऊन बसले आणि झालेलं सांगितलं. त्यांनी माझे दोन्ही हात चाचपून पाहिले, मग उठल्या. थोड्या वेळाने खिडकीतून बघते तर बाई अंगणात. मूठभर मीठ-मोहऱ्या घेऊन गाडीच्या नाकावरून ओवाळताहेत. दृष्ट काढून झाली तशी बादली आणि फडकं घेऊन गाडीचं तोंड धुवायला घेतलं.

"आई, कशाला? थंडीत!"

"रक्त लागलंय गं. अशी गाडी दारात उभी ठेवायची का?"

मला गहिवरून आलं. कोणीतरी आपलं सगळं निस्तरतंय, असं वाटलं. मी तशीच बसून राहिले. प्रताप कामासाठी श्टुटगार्टला होता. त्याला फोन केला. तो म्हणाला, "तुला लागलं नाही ना? मग झालं. हरीण पळालं म्हणजे ठीकच असणार." मलाही हेच ऐकायचं होतं.

सातला माझी अकरा वर्षांची इरा जिमवरून आली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. तिने बूटही काढले नव्हते. "मामा, दास मुस्ट डू मेल्डन!" म्हणजे आई, हे कळवायलाच हवं. पोलिसांना, लगेच. हा नियम त्यांना शाळेत चौथीतच शिकवला होता. इंजिनियर आईला तो ठाऊक नव्हता.

मी फोन केला. पोलिसाने शांतपणे जागा लिहून घेतली आणि त्या जंगलाचा शिकारी थोड्या वेळात फोन करेल म्हणाला. इथे प्रत्येक जंगलाचा एक जबाबदार शिकारी ठरलेला असतो. आमचे हेर डोर्न, म्हणजे डोर्नसाहेब. वय एकाहत्तर, आवाज करवतीसारखा.

"किती वाजता झालं?"

"साडेपाचला."

"आता सव्वासात. आल्झो, तर मग, फ्राऊ सोवनी, पावणेदोन तास तुम्ही काय करत होता?"

चहा पीत होते, हे कसं सांगणार?

"ते पळून गेलं," मी म्हणाले. "वाचलं असेल."

"पाय तुटलेलंही पळतं. तीन पायांवर पळतं, मग कुठेतरी पडतं आणि मरायला चार चार दिवस घेतं. अंधारात शोधता येत नाही. सकाळी साडेसातला त्या जागी या. आणि गाडीला हात लावू नका. केस आणि रक्त कुठे लागलंय ते मला बघायचंय."

मी खिडकीतून पाहिलं. दिव्याखाली गाडी नव्या नवरीसारखी लखलखत होती.

त्या रात्री माझा डोळा लागला नाही. 'चार दिवस' हे दोन शब्द डोक्यात घण घालत होते. मी तिथे उभी राहून "वाचलं" म्हणाले होते, आणि ते कुठेतरी जिवंत पडलेलं होतं. पहाटे उठून मी ठरवलं की ते हरीण सापडेपर्यंत घरी परतायचं नाही. मग डोर्न काहीही म्हणोत.

सासूबाई उठलेल्याच होत्या. मी जरा तोडूनच बोलले. "आई, काल तुम्ही धुतलंत ना, त्यातच सगळा पुरावा गेला. केस बघितले असते तर कुठे लागलंय ते कळलं असतं."

त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "केस धुतले नाहीत मी. जाळीत पुंजका अडकला होता, तो काढून कागदात बांधला. मोरीत कसे सोडायचे केस?"

"मग कुठे आहेत?"

"बिओटोनंमध्ये," त्या म्हणाल्या. ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्याचं हे नाव त्या अगदी स्पष्ट उच्चारतात. "केस त्यातच जातात ना?"

डबा मंगळवारी नेतात. मी अंगणात धावले आणि खांद्यापर्यंत हात घातला. सफरचंदांच्या साली, चहाचा चोथा, कोथिंबिरीच्या काड्या, आणि तळाशी सांगलीच्या वर्तमानपत्राची नीट बांधलेली पुडी. माझा सकाळचा राग तिथल्या तिथे विरघळला. मागे वळले तर त्या दारात उभ्या. "सापडेपर्यंत मी काही खाणार नाही," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

डोर्न रस्त्याच्या कडेला उभे होते. हिरवी टोपी, डाव्या गुडघ्याला पट्टा, खांद्याला बंदूक, हातात लांब चामडी दोर आणि दोराच्या टोकाला तांबूस, लोंबत्या कानांची कुत्री, आस्टा. तीही म्हातारीच, तोंड पांढरं झालेलं. त्यांनी धुतलेली गाडी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेला उत्तर म्हणून मी पुडी पुढे केली. त्यांनी ती उघडली, आधी त्यावरची अक्षरं न्याहाळली, मग केस बोटांत चोळले.

"आखूड. ताठ," ते म्हणाले. "पोटाचे लांब असतात, पाठीचे ठिसूळ. हे पायाचे."

"पुढच्या पायाचे," मी म्हणाले. "कोपराजवळचे."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ब्रेकने. दिव्याखालचा तो कोपरा एरवी जमिनीपासून पंचावन्न सेंटिमीटरवर असतो. पूर्ण ब्रेक मारला की गाडीचं नाक सहा-सात सेंटिमीटर खाली जातं. म्हणजे धक्का अठ्ठेचाळीसवर बसला. आणि मागचा पाय असता तर ते उठून तशी झेप घेऊ शकलं नसतं."

डोर्ननी पुडी छातीच्या खिशात ठेवली. "पोटाला लागलं असतं तर काल रात्रीच मेलं असतं," ते म्हणाले. "पायाला लागलंय म्हणजे आत्ता ते जिवंत आहे. चला."

काचा होत्या तिथून मी पावलं मोजत जागा दाखवली. आस्टाने नाक जमिनीला लावलं आणि दोर ताणला. झाडीत दहा पावलांवर एका पानावर तांबडा थेंब. डोर्ननी एक डहाळी मोडली आणि थेंबाजवळ खाली ठेवली, मोडलेलं टोक मागे, शेंडा पुढे. दर खात्रीच्या खुणेपाशी अशी डहाळी ठेवायची, ही इथली रीत. वाट चुकली तर शेवटच्या डहाळीपाशी परत यायचं. मला ती रीत तत्काळ पटली. आमच्याकडे चाचणीत हेच करतात, ज्या आकड्यावर शेवटचा भरवसा होता तिथे परत जायचं.

चढ चढलो. एका बीचच्या झाडाखाली पाचोळा दबलेला होता आणि त्यावर रक्त सुकलेलं. ते तिथे बसलं होतं. शेजारी तांदळाच्या दाण्याएवढी हाडाची कपची. डोर्ननी सातवी डहाळी ठेवली. पुढे ओढा लागला. तिथे आस्टा खालच्या अंगाला वळली. डोर्ननी दोर ओढला.

"नाइन, नाही. म्हातारी झालीय, रानडुकराच्या ताज्या वासाला भुलली. जखमी जनावर वरच्या दाट झाडीत जातं."

आम्ही वर गेलो. दोन तास गेलो. काटे, चिखल, पडलेली झाडं. एकही थेंब नाही, एकही डहाळी ठेवली नाही. आस्टा मान खाली घालून नुसती चालत होती. शेवटी डोर्न एका ओंडक्यावर बसले आणि दोन्ही हातांनी गुडघा धरला. थर्मासमधली कॉफी त्यांनी आधी मला दिली.

"माझ्या घरात दोन पत्रं आहेत," ते म्हणाले. "पेनसिल्व्हेनियाहून आलेली. इथे ड्यूकचं राज्य होतं तेव्हा जंगल त्याचं, हरणं त्याची. हरीण शेतात शिरलं तर शेतकऱ्याने फक्त खुळखुळा वाजवायचा. मारलं तर तुरुंग. माझ्या पणजोबांचा चुलता हरीण मारताना पकडला गेला आणि अमेरिकेला पळाला. त्याचं पहिलं पत्र अठराशे पन्नासचं. लिहितो, इथे राजा नाही, परवाना नाही. हवी तितकी मारतो, मांस आणि कातडी गाडी भरून शहरात पाठवतो. जखमी होऊन एखादं पळालं तर मागे जात नाही, दुसरं असतंच."

"आणि इथे?"

"इथे काय वेगळं! अठराशे अठ्ठेचाळीस साली क्रांती झाली, ड्यूकचा हक्क गेला. शेतकऱ्यांनी दोन वर्षांत जंगलातली हरणं साफ केली. शंभर वर्षांचा राग होता तो, मी त्यांना दोष देत नाही." त्यांनी आस्टाच्या कानांमागे खाजवलं. "दुसरं पत्र त्याच्या नातवाचं, एकोणीसशे सातचं. म्हणतो, आठ वर्षांत हरीण पाहिलं नाही. आता सरकारने दुसऱ्या राज्यातून मागवली आहेत. खोक्यात घालून आगगाडीने. सगळं गाव स्टेशनवर बघायला गेलं होतं. खोकं उघडलं तेव्हा त्याची म्हातारी आई रडली."

कॉफी संपली होती. मी रिकामा पेला त्यांना परत दिला.

"ते 'दुसरं असतंच' माझ्या आजोबांना फार लागलं. तेव्हापासून आमच्या घरात माग काढणारं कुत्रं असतं. मी आजवर शेकड्यांनी शोधली." ते गुडघ्याला जोर देऊन उठले. "पण सगळी सापडत नाहीत, फ्राऊ सोवनी. आता तुम्ही घरी जा. तुम्ही प्रयत्न केलात."

मी ओंडक्यावरून उठले नाही. माझ्या नाकावर राग असतोच, पण हा वेगळा होता. तो निम्मा त्यांच्यावर होता, निम्मा माझ्यावरच.

"काल मी पण हेच म्हणाले होते," मी म्हणाले. "पळालं, वाचलं असेल, झालं. आज परत नाही म्हणणार. ओढ्यापाशी परत जाऊ. शेवटची डहाळी त्याच्या अलीकडेच आहे."

"तिथून ते वर आलंय."

"हे कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. चाळीस वर्षं या जंगलात आहे मी."

"आस्टा काय म्हणाली?"

त्यांचा चेहरा लाल झाला. मी थांबले नाही. "हेर डोर्न, आमच्याकडे मोजणारं यंत्र एक सांगतं आणि वरचे साहेब दुसरं सांगतात, तेव्हा काय होतं सांगू? साहेबांना अनुभव असतो, म्हणून सगळे मान डोलावतात. आणि सहा महिन्यांनी विकलेल्या गाड्या परत बोलवाव्या लागतात. तुमचं मोजणारं यंत्र हे बसलंय. ती खाली जात होती. आपण तिला ओढून आणलं."

त्यांनी कुत्रीकडे पाहिलं. इतक्या दिवसांच्या सोबतिणीचं आपण ऐकलं नाही, हे त्यांना माझ्याआधीच कळलं असावं. फक्त कोणीतरी बोलून दाखवायला हवं होतं.

"गेनाऊ, बरोबर," ते शेवटी म्हणाले. अगदी हळू.

उतरताना गुडघ्याने त्यांना रडकुंडीला आणलं. मी खांदा पुढे केला, त्यांनी त्यावर हात टेकला. सातव्या डहाळीपासून पुन्हा सुरुवात. ओढ्यापाशी आस्टा परत खालच्या अंगाला वळली, आणि या वेळी डोर्ननी दोर सैल सोडला. ती बदलली. शेपूट ताठ, पाऊल जपून. शंभर पावलांवर दगडावर एक थेंब. आठवी डहाळी. मग नववी. ओढा वळत होता, आम्ही वळत होतो, आणि मला गाड्यांचा आवाज ऐकू यायला लागला. मला वाटलं मला भास होतोय.

भास नव्हता. रस्ता झाडांमधून दिसत होता. माझी गाडीही दिसत होती, नुकतीच धुतलेली, उन्हात चमकणारी. हरीण वर गेलं होतं, बसलं होतं, आणि तीन पायांवर मोठा फेरा मारून परत आपल्या ओळखीच्या जागी आलं होतं. मी जिथे उतरून "वाचलं बाई" म्हणाले होते, तिथून फार तर ऐंशी पावलांवर. आज सकाळी आम्ही तिथूनच वर गेलो होतो.

काटेरी झुडपांच्या जाळीपुढे आस्टा थांबली आणि वळून मालकाकडे बघायला लागली. डोर्ननी दोर माझ्या हातात दिला. "इथेच थांबा. हलू नका." ते गेले. आत काहीतरी उठायचा प्रयत्न करत असल्याचा आवाज आला, फांद्या कडकडल्या. मी दोर मनगटाला गुंडाळला आणि डोळे उघडे ठेवले. निदान एवढं तरी बघायला हवं होतं. एक गोळी. मग सगळं शांत.

ती मादी होती. केवढीशी, मोठ्या कुत्र्याएवढी. पुढचा डावा पाय कोपराखाली लोंबत होता. डोर्ननी टोपी काढली. ओकची एक डहाळी मोडली, बोटभर, आणि ती तिच्या तोंडात ठेवायला वाकले. मग थांबले आणि डहाळी माझ्यापुढे धरली.

"शेवटचा घास," ते म्हणाले. "आमच्यात देतात. आज तुम्ही द्या."

मला कोणी काही शिकवायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी सांगलीला सासऱ्यांच्या तोंडात तुळशीचं पान ठेवताना मी सासूबाईंचा हात पाहिला होता. मी गुडघ्यांवर बसले आणि डहाळी तिच्या दातांमध्ये सरकवली. ओठ अजून ऊबदार होते. मग मात्र मला रडू आवरलं नाही. काल साडेपाचलाच फोन केला असता, तर कदाचित तासाभरात सुटली असती. डोर्न हे म्हणाले नाहीत. त्यांनी आणखी एक डहाळी मोडून अर्धी आस्टाच्या पट्ट्यात खोचली आणि उरलेली अर्धी, माग काढणाऱ्याचा मान म्हणून, माझ्या हातात दिली.

घरी पोचले तेव्हा अडीच वाजले होते. सासूबाई स्वयंपाकघरात तुळशीशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. ओट्यावर झाकून ठेवलेलं जेवण. इरा पलीकडे पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हती.

"सापडलं?"

"हो."

"जिवंत होतं?"

"हो. मग त्यांनी सोडवलं."

त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, "तोंडात काही घातलंत का त्याच्या?"

"घातलं, आई. डहाळी. मीच घातली." आणि हातातली अर्धी डहाळी पुढे केली. त्यांनी ती घेतली, उलटसुलट पाहिली आणि तुळशीच्या कुंडीत ठेवली. मला वाटलं आता त्या जेवायला वाढतील. त्या उठल्या नाहीत. खिडकीतून अंगणातल्या गाडीकडे बघत बसल्या.

"नंदिनी," त्या म्हणाल्या, "काल मी दृष्ट काढली ती गाडीची. आणि लागली होती ती त्याला."